निन्जासाठी हलकी चाकं
माझ्या कावासाकी निन्जा झेडएक्स-६आर बाईकला फोर्ज्ड (दाबून घडवलेल्या) ॲल्युमिनियमचीच चाकं घ्यायची, आज नक्की झालं. मित्राच्या गॅरेजमध्ये कंपनीचं कास्ट (ओतीव) चाक आणि फोर्ज्ड चाक दोन्ही बाजूबाजूला आसावर धरून फिरवली आणि तिरपी करून पाहिली. फोर्ज्ड इतक्या सहज कलतं की हातालाच कळतं! वजन रिमवर, म्हणजे आसापासून लांब असतं, आणि फिरतं जडत्व त्या अंतराच्या वर्गाने वाढतं. म्हणून रिमवरचं वजन कमी होणं टाकीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी जास्त मोलाचं. वळणात गाडी लवकर झुकते, सस्पेन्शनलाही खड्ड्यावरून चाक आवरणं सोपं जातं.

कार्बन फायबरच्या चाकांचा मोह होताच. दक्षिण आफ्रिकेच्या बीएसटी कंपनीची चाकं दिसायला काय सुंदर आहेत! पण आपल्या रस्त्यांवर जोराचा आपटा बसला तर ॲल्युमिनियम बहुधा वाकतं आणि ते दिसतं. कार्बनची इजा आतच लपू शकते. मॅग्नेशियम तर आमच्या कोकणच्या खाऱ्या हवेत नकोच, रंग उडाला की गंज धरतो.

रिमच्या रुंदीचं माप मूळचंच ठेवतोय, पुढे ३.५, मागे ५.५ इंच. कुणी या गाडीला अशी चाकं बसवली असतील तर सांगा, मागच्या चाकातले कुश रबर (चेनचे झटके शोषणारे रबरी तुकडे) जुनेच बसले का?