पगारातून कापलेली भिंत

ती भिंत डोक्यातून जातच नाहीये.

‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेतला ‘होमर्स एनिमी’ हा भाग पुन्हा बघितला. होमर सिम्पसन हा मालिकेचा नायक, अणुवीज प्लँटमध्ये कामाला, आणि फ्रँक ग्राइम्स हा तिथे नव्याने आलेला. ग्राइम्स शेवटी मरतो हे माहीत होतं, त्यामुळे शेवटी वाईट वाटणार याची तयारी होती. लागलं ते मात्र मधलंच काहीतरी. होमर बीकर उचलतो, आत सल्फ्युरिक ॲसिड. त्याच्या ते गावीही नाही. तो बीकर तोंडाला लावणार तेवढ्यात ग्राइम्स तो हातातून उडवतो. ॲसिड भिंतीवर जातं, भिंत वितळते. नेमके तेव्हाच प्लँटचे मालक बर्न्ससाहेब हजर. वाचलेला माणूस त्यांना दिसत नाही, गेलेली भिंत दिसते. ग्राइम्स सांगायला तोंड उघडतो तर त्याला धड बोलू देत नाहीत. नोकरी राहते, पगार कमी होतो.

मिनिटभराचा प्रसंग असेल. त्यानंतर भाग पुढे सरकला तरी मी तिथेच अडकून पडले. एक जीव वाचवला आणि वर भिंतीचे पैसे भरले. याला काय म्हणायचं?

हा भाग ४ मे १९९७ ला आला, आठव्या सीझनमधला. लेखन जॉन स्वार्ट्झवेल्डरचं, दिग्दर्शन जिम रीअर्डनचं. स्वार्ट्झवेल्डरने या मालिकेचे ५९ भाग लिहिले, दुसऱ्या कुणीही इतके लिहिलेले नाहीत. तरी इतका कडू भाग त्याच्याकडून एखादाच आला असेल. ओकली आणि वाइनस्टाइन तेव्हा मालिका सांभाळत होते. कल्पना अगदी सरळ: आपल्यासारखा एक खरा माणूस, वेळेवर येणारा, डब्यावर नाव लिहिणारा, होमरच्या शेजारच्या टेबलावर आणून बसवायचा. मग काय होतं ते बघायचं. होतं ते असं, की बाकी सगळे नियम तसेच राहतात आणि तो एकटा मोडतो.

ग्राइम्सची ओळख टीव्ही निवेदक केंट ब्रॉकमनच्या बातमीतून होते. चौथ्या वर्षी आईबापांनी टाकलेला. शाळेचं तोंड बघितलं नाही, कारण दुसऱ्यांच्या मुलांना खेळणी पोचवायची कामं केली. अठराव्या वाढदिवसाला सायलोच्या, म्हणजे उंच कोठाराच्या, स्फोटात उडाला. ऐकणं आणि वेदना जाणवणं हे पुन्हा नव्याने शिकला. मिळेल त्या फुरसतीत पोस्टाने विज्ञान शिकला आणि अणुभौतिकीची पदविका मिळवली. तीही हातात आली तेव्हा एक पक्षी ती पळवायला आला. हे सगळं एका दमात आणि एकाच सुरात सांगतात. स्फोटाला वेगळा आवाज नाही, पक्ष्याला वेगळा नाही, म्हणून हसू येतं. मलाही आलं. हसून झाल्यावर बरं वाटलं नाही.

बर्न्ससाहेब ते बघून गहिवरतात. हा माणूस मला हवा, उपाध्यक्ष करतो म्हणतात. दुसऱ्या दिवशी ग्राइम्स येतो तोवर त्यांनी टीव्हीवर एक शूर कुत्रा बघितलेला असतो. पद कुत्र्याला जातं, ग्राइम्स जातो सेक्टर सेव्हन-जीमध्ये, होमरच्या विभागात. म्हणजे भिंतीचा प्रकार घडण्याआधीच भिंत कुणाची ते ठरलेलं आहे. हे मला आज पहिल्यांदा दिसलं. पूर्वी तो कुत्रा नुसताच विनोद वाटायचा.

मग त्याच्या वाट्याला येतात त्या बारीकसारीक गोष्टी, आणि त्याच जास्त छळतात. त्याचं पथ्याचं जेवण. पिशवीवर स्वच्छ लिहिलेलं असतं, तरी होमर ते खात बसलेला. ग्राइम्स सभ्यपणे सांगतो की पिशवीवर नाव होतं, पुढच्या वेळी जपून. होमर ऐकतो, मान हलवतो आणि बोलणं चालू असतानाच आणखी घास घेतो. चित्रात तो घास मुद्दाम ठेवलाय. तो नसता तर ती नुसती चूक ठरली असती. घासामुळे कळतं की समोरच्याचं बोलणं याच्यापर्यंत पोचतच नाही. पेन्सिलींचंही तेच, चघळून ठेवलेल्या. आणि पाचशे तेराचा इशारा! पॅनेलवर इशारा आलाय हे ग्राइम्स सांगतो, होमर म्हणतो बघतो मी, आणि बादलीभर पाणी पॅनेलवर ओततो. पाण्याने सर्किट जळतं हे कुणाला सांगावं लागत नाही. पण ज्या टेबलावर हे घडतं ते टेबल प्लँटच्या सुरक्षा निरीक्षकाचं आहे, आणि ग्राइम्सखेरीज कुणाच्याच डोळ्यांत ते खुपत नाही.

तो लेनी आणि कार्ल या सहकाऱ्यांना विचारतो, हा इथे टिकतो कसा? ते म्हणतात, चुका सगळ्यांच्याच होतात, पेन्सिलीला रबर उगाच नसतं. (ग्राइम्स आणि कार्ल, दोघांचाही आवाज तेव्हा हँक अझेरियाचाच. जो तक्रार करतोय आणि जो सोडून दे म्हणतोय, ते दोघे एकाच गळ्यातून बोलतात.)

खरं काय ते लिहून टाकते. मला ग्राइम्सची दया येत नव्हती, स्वतःची येत होती. आपण नीट करायचं, वेळेत करायचं, दुसऱ्याचं सांडलेलंही भरायचं, आणि बघणाऱ्याने नेमकं भिंत पडल्यावर दार उघडायचं. दोन क्षण आधी आला असता तर! त्या दोन क्षणांपाशी मी सारखी जात राहिले. केलेलं कुणाच्या डोळ्यांसमोर पडत नाही आणि बिघडलेलं मात्र सगळ्यांना दिसतं. आयुष्यभर राबून पदरी काय पडलं, हे ग्राइम्स सांगतो तेव्हा त्याच्याकडे दाखवायला असतात एक ब्रीफकेस आणि एक हेअरकट. ते ऐकून मी स्क्रीन थांबवला. अगदी माझंच वाक्य कुणीतरी आधीच म्हणून गेल्यासारखं झालं.

थांबवला म्हणूनच पुढचं दिसलं.

पगार कुणी कापला? बर्न्सने. उपाध्यक्षपद कुणी काढून घेतलं? बर्न्सने. ग्राइम्स त्या केबिनमधून बाहेर येतो आणि जाऊन उभा राहतो होमरसमोर. आपण आता शत्रू आहोत असं त्याला सांगतो. बर्न्सबद्दल एक अक्षर नाही, तेव्हा नाही आणि पुढेही नाही. सगळा राग टेबल चुकला. वरच्याने केलेला घाव आणि हिशेब शेजारच्याशी. तो शेजारचा गबाळा आहे, खादाड आहे, कामाला नालायक आहे, सगळं कबूल. पण पगाराच्या कागदावर सही त्याची नाही.

हे सुचल्यावर जेवणाचा प्रसंग वेगळाच दिसायला लागला. ग्राइम्स होमरच्या घरात शिरतो आणि मोजायला लागतो. एवढं मोठं घर. जेवायला लॉब्स्टर. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्याबरोबरचा फोटो, अवकाशातला फोटो, ग्रॅमी. फॅक्टरीचा मालक असलेला मुलगा बार्ट, १५६ आयक्यू असलेली मुलगी. आणि आपण राहतो एका खोलीत, खाली एक बोलिंग ॲली आणि वरही एक बोलिंग ॲली. त्याच्या डोक्यात दोन रकाने तयार होतात, आणि एका रकान्यात काहीच नसतं.

पण जमेच्या बाजूला त्याने काय काय धरलंय ते एकेक करून बघावं. लॉब्स्टर आहेत ते आज तो स्वतः जेवायला आलाय म्हणून. त्याची समजूत काढायची म्हणून सगळं घर नटूनथटून बसलंय. तो पाहुणचार त्याने रोजची श्रीमंती म्हणून लिहून घेतला. आणि बार्टची फॅक्टरी! ती लिलावात एका डॉलरला मिळालेली पडकी इमारत आहे. रात्रपाळीच्या पहाऱ्याला त्याचा मित्र मिलहाउस. तीही रातोरात कोसळते, मिलहाउसच्या डोळ्यांदेखत, आणि आतले उंदीर मोच्या बारकडे पळतात. हे उपकथानक मला नेहमी जागा भरायला घातलेलं वाटायचं. तसं ते नाही. ज्या फॅक्टरीचा ग्राइम्सला हेवा वाटतो ती आपल्याला त्याच भागात पडताना दाखवलीय. त्याच्यापर्यंत ती बातमी पोचत नाही, इतकंच.

होमरची खुर्चीसुद्धा अशीच. ‘होमर्स ओडिसी’ या जुन्या भागात, १९९० च्या जानेवारीत, होमरची नोकरी गेलेली असते. तो जीव द्यायला निघालेला असतो. तिथून तो गावातल्या रस्त्यांच्या सुरक्षेच्या मागे लागतो, मग लोक घेऊन प्लँटवर जातो, आणि त्याचं तोंड बंद करायला बर्न्स त्याला सुरक्षा निरीक्षक करतो. म्हणजे ती खुर्चीही बर्न्सच्या मर्जीतून, बर्न्सच्या सोयीने आलेली. होमर तिच्या लायक नाही हे ग्राइम्सचं म्हणणं बरोबरच आहे. फक्त ती कुणी आणि का दिली, हे तो विचारत नाही.

इथे माझा जीव थोडा खाली बसला. वाईट वाटणं संपलं असं नाही म्हणणार. पण मघाशी जे ‘माझ्याच वाट्याला का’ चाललं होतं ते थांबलं. बर्न्स दोन क्षण आधी आला असता तरी त्याने काय केलं असतं? काल ज्याच्यासाठी डोळे भरून आले तो आज त्याला आठवत नाही. अशा माणसाने वेळेवर बघावं म्हणून किती झुरायचं? त्याच्याकडे तो हिशेब ठेवलेलाच नाही. नाही तर नाही. बीकर तरीही उडवायचाच होता. होमर प्यायला असता तर मेला असता, आणि ग्राइम्सने केलं ते बरोबरच केलं, पगार कापला तरीही.

स्पर्धेचा प्रसंग मग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. होमर कसा मूर्ख आहे हे सगळ्यांना दाखवायचं म्हणून ग्राइम्स त्याला अणुवीज प्लँटचं मॉडेल करायच्या, लहान मुलांच्या स्पर्धेत अडकवतो. ती मुलांसाठी आहे हे पत्रकावरून दिसणार नाही अशी व्यवस्था करतो. आयुष्यभर सरळ वागलेल्या माणसाची ही पहिली लबाडी असावी, आणि तीही शेजाऱ्याला हसं करण्यासाठी. होमर आहे त्याच प्लँटचं मॉडेल करून आणतो, वर पंख आणि रंगीत पट्टा लावून. आणि मार्टिन, स्पर्धेतला एक हुशार मुलगा? त्याचं मॉडेल खरोखर चालतं. ते वीज तयार करतं आणि त्या हॉलमधले दिवे त्या क्षणी त्यावर लागलेले असतात. बर्न्स म्हणतात, फार थंड आहे, यात काळीज कुठाय? आणि त्याला बाहेर काढतात.

म्हणजे त्याच हॉलमध्ये, ग्राइम्सच्या डोळ्यांसमोर, त्याच्यासारख्याच एका मुलाला, त्याच माणसाकडून, तोच न्याय मिळाला. ग्राइम्सने त्या मुलाकडे बघायला हवं होतं. त्याचं लक्ष होमरवर. होमर जिंकला, टाळ्या पडल्या, आणि याचा तोल गेला. मार्टिनचं वाईट मलाही आजवर कधी वाटलं नव्हतं, हे खटकलं. ग्राइम्सचं वाटायचं, कारण तो ओरडतो. मार्टिन फक्त एवढंच म्हणतो की पण हे चालतंय.

मरण मी फार लिहिणार नाही. होमरची नक्कल करत तो प्लँटभर फिरतो, मला सगळं माफ आहे म्हणतो, आणि उच्चदाबाच्या तारांना हात घालतो. हातमोजे नकोत, कारण मी होमर सिम्प... नावही पुरं होत नाही. पोस्टाने शिकलेलं विज्ञान त्या क्षणी त्याच्याजवळ होतंच की. हातमोजे का घालतात हे त्या इमारतीत ज्या मोजक्या लोकांना कळत होतं त्यांच्यातला तो एक.

अंत्यविधीला रेव्हरंड लव्हजॉय त्याला ‘ग्राइमी’ म्हणतात, हे नाव त्याला आवडायचं असंही सांगतात. होमर झोपलाय. झोपेत बायकोला, मार्जला, चॅनेल बदलायला सांगतो. आमचा होमर म्हणजे असाच, असं लेनी म्हणतो आणि सगळे हसतात, तिकडे पेटी खाली जात असते. होमरचा राग आता येत नाही, तो झोपलेला आहे. लेनीचा येतो. तो जागा होता, त्याने ग्राइम्सची तक्रार स्वतःच्या कानांनी ऐकली होती.

२००२ मध्ये ग्राइम्सच्या मुलाला घेऊन आणखी एक भाग केला. बापाचा सूड घ्यायला तो येतो तो होमरवरच. बर्न्सच्या केबिनकडे तोही फिरकत नाही. तो भागही आता याच नजरेने बघायला हवा, पण आज नको.