आमची वाटचाल : तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट

वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा भरते, तेव्हा बोरी नदीच्या पात्रात दुकानं लागतात. आमचा धंदा तिथेच सुरू झाला. घरी शिवलेली झबली, टोपडी, मऊ सुती दुपटी एका बाजेवर मांडली आणि वर ताडपत्री बांधली. सगळा माल संपला. दोन वर्षांनी बाजारपेठेत भाड्याने गाळा घेतला. मग लंगोट, मालिशचं तेल, वाट्या-चमचे आले आणि एका कोपऱ्यात लहान मुलांचे ब्रश आणि पेस्ट. या कोपऱ्याची विक्री गल्ल्यात कधी मोठी दिसली नाही. पण आमच्या दुकानाला वळण लागलं ते तिथूनच, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिते.

पेस्टमधलं मला काहीच कळत नव्हतं. होलसेलवाला आणायचा, डब्यावर ससा किंवा स्ट्रॉबेरी असली की मी रॅकला लावायचे. कुणी विचारलं, 'बाळाला चालेल ना?' तर 'चालेल की, लहान मुलांचीच आहे' असं सांगायचे. माझ्या मुलालाही त्यातलीच एक, फ्लोराइड नसलेली, आणली होती. गिळली तरी चालते म्हणून ब्रशभर लावायचे आणि तो चाटून संपवायचा. रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपायचा. दोन वर्षांचा झाला तेव्हा वरच्या पुढच्या चारही दातांवर हिरडीजवळ आधी पांढरट आणि मग तपकिरी रेघ दिसायला लागली. आजी म्हणाल्या, दुधाचेच दात आहेत, पडतील. तरी मी त्याला धुळ्याला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्या डॉक्टर बाई रागावल्या नाहीत. पेस्ट कुठली, किती, घासतं कोण, रात्री काय पाजता, असं सगळं विचारलं. मी दुकानाचं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, मग तुम्हाला हे नीट कळायलाच हवं, तुमच्या हातून शंभर घरांत पेस्ट जाते. हे वाक्य माझ्या मनात बसलं.

त्यांनी सांगितलं ते असं. पहिला दात दिसला, साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास, की घासायला सुरुवात करायची. त्याआधी ओल्या मऊ फडक्याने हिरड्या पुसायच्या. तीन वर्षांपर्यंत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत मटारच्या दाण्याएवढी. दिवसातून दोनदा, आणि रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही. मूल सहा-सात वर्षांचं होईपर्यंत घासायचं मोठ्यांनी.

फ्लोराइडला मी घाबरत होते. त्यांनी हिशेब मांडून दाखवला. ट्यूबवर १००० पीपीएम लिहिलं असेल तर एका ग्रॅममध्ये १ मिलिग्रॅम फ्लोराइड. तांदळाएवढी पेस्ट भरते साधारण ०.१ ग्रॅम, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. तेवढी बाळाने पूर्ण गिळली तरी भीती नाही. पण रोज ब्रशभर गिळली तर गोष्ट वेगळी, कारण या वयात हिरडीच्या आत कायमचे दात घडत असतात आणि त्यांच्यावर पुढे पांढरे डाग पडू शकतात. फ्लोराइड अजिबात नसलं तर कीड रोखायचं मुख्य औषधच पेस्टमधून जातं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइडच्या पेस्टला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं, ते याचसाठी. ज्या घरी बोअरचं पाणी पितात त्यांना मी पाणी तपासून घ्यायला सांगते. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड निघालं तर कोणती पेस्ट घ्यायची ते डॉक्टरांनीच ठरवावं.

परत आल्यावर त्याच रात्री शटर खाली ओढून आम्ही दोघांनी रॅकवरची प्रत्येक ट्यूब वाचली. आपल्याकडच्या नियमाने पेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही, आणि प्रमाण व एक्सपायरी ट्यूबवर छापावी लागते. काहींवर ५०० च्या आसपास होतं, काहींवर शून्य, आणि एकीवर आकडाच नव्हता. ती आम्ही परत पाठवली. बारावर एक फुकट अशी स्कीम होती तिच्यावर. सेल्समन नाराज झाला, पुढे दोन महिने आला नाही. कापूर आणि लवंगतेल घातलेल्या मोठ्यांच्या पेस्टही बाळांच्या रॅकवरून काढल्या. लहान मुलाच्या पोटात कापूर गेला तर झटके येऊ शकतात. लाल दंतमंजन मागायला अजून लोक येतात. त्यात गेरूसारखी खरखरीत पूड असते, कोवळ्या दातांना मी ती देत नाही.

मालकीणबाई गिऱ्हाईक परत पाठवतात, अशी बाजारात चर्चा झाली. त्या वर्षी या कोपऱ्याची विक्री खरंच घटली. पण ज्या आयांना मी समजावून सांगितलं त्याच पुढे बारशाची खरेदी करायला आल्या, नणंदा-जावांना घेऊन आल्या.

एकदा पारोळ्याकडच्या एक आजी नातवाला कडेवर घेऊन आल्या. 'भाऊ, पोऱ्याना दात काया पडी ग्यात,' म्हणजे पोराचे दात काळे पडलेत, असं माझ्या यजमानांना म्हणाल्या. बोलता बोलता कळलं, सकाळी त्या स्वतः मिश्री लावतात आणि त्याच बोटाने नातवाच्या हिरड्या चोळतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. पेस्ट-मंजनात तंबाखू घालायला सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, पण घरच्या तव्यावर भाजणाऱ्याला कोण अडवणार? मी त्यांना खाली बसवलं, चहा दिला आणि नातवाला त्यांच्या मांडीवर आडवं करून ब्रश कसा फिरवायचा ते दाखवलं. तांदळाएवढी म्हटल्यावर त्यांनी विचारलं, 'म्हणजे आपल्या दादरच्या दाण्याएवढी?' हो, तेवढीच. तेव्हापासून खेड्यातल्या बायांना मी दादरच सांगते. ज्वारीचा दाणा त्यांच्या बोटांना रोजचा ओळखीचा.

लोक ट्यूबच्या तळाची रंगीत पट्टीही पाहतात. हिरवी म्हणजे आयुर्वेदिक, काळी म्हणजे केमिकल असं मोबाइलवर फिरतं. ती खूण फक्त ट्यूब कुठे कापायची आणि बंद करायची हे मशिनला कळावं म्हणून असते. हे मी दिवसातून एकदा तरी सांगते आणि न कंटाळता सांगते.

आणखी एक गोष्ट प्रत्येक ट्यूबबरोबर सांगते : ती मुलाच्या हाताला लागू देऊ नका. गोड वासाची पेस्ट मूल खाऊसारखी खातं. ८० ग्रॅमच्या १००० पीपीएम ट्यूबमध्ये ८० मिलिग्रॅम फ्लोराइड असतं आणि दहा किलोच्या बाळाला ५० मिलिग्रॅमसुद्धा धोक्याचं आहे. खाल्लीच तर दूध पाजा आणि लगेच दवाखाना गाठा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून पेस्टवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. मजुरीला जाणाऱ्या आयांना पेस्ट आणि ब्रश दोन्ही घेणं थोडं सोपं झालं.

मुलाचे ते चार दात भरून घ्यावे लागले. आता तो दहा वर्षांचा आहे, कायमचे दात स्वच्छ आले आहेत. काउंटरवर आम्ही एक छोटा ब्रश ठेवला आहे, त्यावर खरा तांदळाचा दाणा डिंकाने चिकटवलेला. गेल्या यात्रेत बाजेवर झबल्यांशेजारी तो ठेवला, तर बाया माल बघायच्या आधी तोच उचलून बघत होत्या. एक मुलगी आईला म्हणाली, 'एवढीशीच?' आणि तिच्या आईने माझ्याकडे वळून तेच विचारलं.