गळालेला शेरा

“सर, पोटॅशियम सहा पॉइंट नऊ दाखवतंय. लॅबवाले म्हणतात, आम्ही शेरा टाकलाय. मला तर स्क्रीनवर शेराच दिसत नाही.”

रात्रीचे सव्वादोन. हेल्पडेस्कच्या मुलाने फोन जोडून दिला आणि अंग काढून घेतलं. अशा कॉलसाठी आमचे प्रश्न ठरलेले आहेत: युजर आयडी काय, कुठली स्क्रीन, फोटो पाठवता का. माझ्या तोंडून निघालं, “पेशंट कसा आहे? मॉनिटरवर टी वेव्ह उंच झाल्यात का?” पोटॅशियम खरंच वाढलं की ईसीजीतली ही लाट उंच होऊ शकते.

पलीकडे जरा शांतता. “तुम्ही सॉफ्टवेअरवालेच ना?”

“हो. त्याआधी अकरा वर्षं आयसीयूत ब्रदर होतो.”

“मग तसं सांगा की ब्रदर!” सिस्टर म्हणाल्या, आणि ड्यूटी बदलताना हँडओव्हर द्यावा तसं भराभर सांगून टाकलं. लघवी चांगली होतेय, किडनीचं क्रिएटिनिन कालपर्यंत नॉर्मल, टी वेव्ह आहेत तशाच. अर्थात नुसत्या टी वेव्हवर विसंबून चालत नाही, हे त्यांनाही माहीत आणि मलाही. नमुना नव्या इंटर्नने घेतलेला, हाताच्या पाठीवरच्या बारीक शिरेतून. डॉक्टरांनी लाल आकडा पाहिला आणि हृदय सांभाळायला कॅल्शियम ग्लुकोनेट भरायला सांगितलं. ते सिरिंजमध्ये तयार होतं. पोटॅशियम उतरवायला इन्शुलिन-डेक्स्ट्रोजची ऑर्डरही लिहून झाली होती. सिस्टरांना मात्र आकडा पटेना. त्यांनी लॅबला फोन लावला. तिथला तंत्रज्ञ शांतपणे म्हणाला, नमुना हिमोलाइज झालाय, रिपोर्टखाली लिहिलंय, दुसरा पाठवा.

६.९ ला तंत्रज्ञाने आपण होऊन फोन करायला हवा होता, असं मला आजही वाटतं. पण त्याचं म्हणणं एकच: लिहिलं होतं की.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. पोटॅशियम राहतं पेशींच्या आत. रक्तद्रवात ते साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर असतं, तांबड्या पेशीत त्याच्या वीसपटीहून जास्त. नमुना घेताना पेशी फुटल्या, म्हणजेच नमुना हिमोलाइज झाला, की आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्ट खोटा वाढतो. पेशी फुटतात त्या आपल्या हातून. सुई बारीक, सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला, वरून सुईसकट नळीत रक्त दाबून सोडलं, नळी हलकेच उलटी-सुलटी करायची ती खळाखळा हलवली. आणखी एक नामी चूक आहे: जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त जास्त झालं म्हणून त्यातलंच थोडं दुसऱ्या नळीत ओतायचं. जांभळ्या नळीतलं रक्त गोठू न देणारं ईडीटीए म्हणजे पोटॅशियमचाच क्षार असतो, त्यामुळे पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम तळाला. असा रिपोर्ट आला की मी आधी विचारायचो, “नळी कुणी भरली?” हे सगळं मी कितीतरी इंटर्नना उभं करून शिकवलंय. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

खोट्या आकड्यावर इन्शुलिन दिलं तर मुळात नॉर्मल असलेलं पोटॅशियम खाली जातं, साखरही उतरते. झोपलेल्या पेशंटची साखर उतरली तर सांगणार कोण?

फोन चालू ठेवून मी लॅपटॉप उघडला आणि तो मेसेज शोधला. लॅबमधून वॉर्डात रिपोर्ट जातो तो एचएल सेव्हनच्या साच्यात, म्हणजे हॉस्पिटलातल्या सिस्टिमनी एकमेकींना माहिती द्यायच्या ठरलेल्या पद्धतीत. तो साचा ठरवणारी त्याच नावाची संस्था १९८७ सालची, आणि त्या साच्याची दुसरी आवृत्ती अजूनही ठिकठिकाणी चालते. मेसेज म्हणजे साध्या ओळी. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तीन अक्षरं, पुढे उभ्या रेघांनी पाडलेले रकाने. पीआयडीच्या ओळीत पेशंट, ओबीआरमध्ये कुठली तपासणी, ओबीएक्समध्ये आकडा, एकक, नॉर्मलची मर्यादा. आठव्या रकान्यात दोनदा एच असेल तर आकडा धोक्याइतका वर. आमची स्क्रीन तो लाल करते. त्याखाली, हवी असेल तर, एनटीईची ओळ. नोट.

नोट तिथे होती. लॅबने पाठवलेल्या मूळ मेसेजमध्ये अगदी स्वच्छ: नमुना हिमोलाइज्ड, पुन्हा पाठवावा. लॅबचा मेसेज घेऊन वॉर्डाच्या स्क्रीनकडे पाठवणाऱ्या आमच्या इंटरफेस इंजिनातून बाहेर पडलेल्या मेसेजमध्ये ती ओळ नव्हती.

सहा आठवड्यांपूर्वी लॅबने आपलं सॉफ्टवेअर बदललं होतं. आधी त्यांचा शेरा आणखी एका ओबीएक्स ओळीत मजकूर म्हणून यायचा, नव्या आवृत्तीत तो एनटीईत यायला लागला. त्या इंजिनातली आमची स्क्रिप्ट फक्त ओबीएक्स मोजत पुढे जाते. तिच्या दृष्टीने एनटीई नाहीच. एरर नाही, लॉगमध्ये एक अक्षर नाही. उलट आम्ही लॅबला इमानेइतबारे ‘एए’ धाडतो, म्हणजे मेसेज मिळाला, मान्य. वॉर्डात फोनवर धोक्याचा आकडा घेतला की तो लिहून घेऊन परत वाचून दाखवावा लागतो, समोरच्याने हो म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. यंत्राचं ‘एए’ म्हणजे न वाचताच ‘हो हो, कळलं’ म्हणणारा ज्युनिअर.

आता खरी गोष्ट. लॅबच्या त्या बदलाची तपासणी मी केली होती. मला कंपनीने घेतलंच त्यासाठी. कोड लिहिणारे भरपूर आहेत, वॉर्ड पाहिलेला कुणी नव्हता. सुट्टीच्या दिवशी एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा शिकत, हॉस्पिटलात नवी सिस्टिम आली तेव्हा सुपर युजर, म्हणजे इतरांना ती शिकवणारा, होत, मी इकडे सरकलो, आणि पहिल्या आठवड्यापासून ऐकत आलो की तुझा अनुभव आमच्यासाठी सोनं आहे. तर त्या सोन्याने तपासणीसाठी ४० नमुना मेसेज स्वतःच्या हाताने लिहिले होते. नॉर्मल, वाढलेलं, घटलेलं, धोक्याचं, दशांश चिन्ह चुकलेलं, अर्धवट रिपोर्ट, दुरुस्त केलेला रिपोर्ट. वॉर्डात हिमोलाइज्ड नमुने किती येतात हे मला माहीत होतं, आणि माझ्या ४० नमुन्यांत एकही पेशी फुटली नव्हती. सगळं रक्त जाड शिरेतून, निवांत काढलेलं. ‘क्लिनिकल तपासणी पूर्ण’, खाली माझं नाव.

मंजुरीसाठी दोघांना झोपेतून उठवलं. दुरुस्ती चार ओळींची. साडेचारला शेरा आकड्याच्या शेजारी दिसायला लागला. त्याआधीच सिस्टरांचा दुसरा रिपोर्ट आला होता: ४.३. कॅल्शियम दिलंच नव्हतं. “ठेवते ब्रदर, सकाळचे नमुने काढायचेत,” म्हणाल्या.

सकाळी बैठक. हेल्पडेस्कने रात्रीच्या कॉलची नोंद ‘दिसण्यातली त्रुटी, तातडी कमी’ अशी केली होती. मी ती वरच्या पायरीवर नेली म्हणून विचारणा. मॅनेजर तसे भले आहेत, पण त्यांचा पहिला प्रश्न होता, किती युजरना फटका बसला? एक. मग ही पहिल्या दर्जाची घटना कशी? आमच्याकडे गांभीर्य डोकी मोजून ठरतं. लॉगिन दहा मिनिटं बंद पडलं तर सगळे धावतात, कारण सगळ्यांना दिसतं. शेरा गळाला तर ज्याच्यापर्यंत तो पोचला नाही त्याला गळाल्याचं कळणार कसं, आणि कळलं नाही तर तो तक्रार काय करणार? मी हे जरा आवाज चढवून बोललो. नंतर एकाने चॅटवर लिहिलं, इथे कुणी मरत नाहीये, शांत हो. बाकी तो मुलगा कामाला चोख आहे.

या बैठकांची मला अजून सवय झालेली नाही. रोजच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या छोट्या बैठकीला, मी मनात ‘बेड नंबर नसलेला हँडओव्हर’ म्हणतो. प्रत्येकजण काल काय केलं ते सांगतो, पण आता कुणाकडे लक्ष ठेवायचं ते कुणी सांगत नाही. त्या स्क्रिप्टचा मूळ लेखक नोकरी सोडून गेला तेव्हा एनटीईबद्दल एक ओळ लिहून गेला असता तर, असंही येतं मनात. मग ते ४० मेसेज आठवतात आणि त्याला बोल लावायचा धीर होत नाही.

दुपारी मी सहा आठवड्यांचे मूळ मेसेज चाळले. पोटॅशियम वाढलेलं, खाली हिमोलाइज्डचा शेरा, आणि तो शेरा आमच्याकडे गळालेला, असे ३१. यादी हॉस्पिटलच्या गुणवत्ता विभागाकडे पाठवली. ‘नोंद घेतली’ असं उत्तर आलं. पेशंटचे कागद मला उघडता येत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. त्या नियमावर माझीही सही आहे. पूर्वी बेड नंबर सांगितला की मला चेहरा आठवायचा. आता माझ्याकडे नमुना क्रमांक आणि वेळ.

त्या ३१ पैकी १४ नमुने रात्री दोन ते पहाटे पाचच्या मधले आहेत. तेव्हा ड्यूटीवर कोण होतं आणि तिला तो आकडा पटला होता का, यासाठी माझ्या यादीत रकाना नाही.