अर्धवेळ नॅनीच्या रजेचा हिशेब

लंडनमध्ये मूल सांभाळण्यासाठी घरी नॅनी ठेवली, की कायद्याच्या दृष्टीने आपण तिचे मालक ठरतो. तिला लेखी करार द्यावा लागतो, पगारातून कर कापून भरावा लागतो आणि भरपगारी रजाही द्यावी लागते. आपल्याकडे घरकामाच्या मावशींचे खाडे मोजून पगार कापण्याची सवय अनेक घरांत आहे. ती डोक्यात ठेवून इथे हिशेब केला, तर रजेच्या बाबतीत नॅनीवर हमखास अन्याय होतो.

इथला नियम असा, की प्रत्येक कामगाराला वर्षाला ५.६ आठवडे भरपगारी रजा मिळालीच पाहिजे. आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याच्या बाबतीत ती २८ दिवस होते, तर तीन दिवस येणाऱ्या नॅनीची रजा तीन गुणिले ५.६, म्हणजे १६.८ दिवस होते. हा आकडा खाली ओढून १६ करता येत नाही. वर नेऊन १७ करायला मात्र कोणाचीच हरकत नसते, आणि माझ्या मते तेच करावे.

खरी गफलत होते ती बँक हॉलिडेमुळे. इंग्लंडमध्ये या सार्वजनिक सुट्ट्या साधारणपणे वर्षाला आठ असतात, आणि पूर्णवेळ नोकरीत ‘२० दिवस अधिक बँक हॉलिडे’ अशी बोलण्याची पद्धत आहे. त्यावरून काही जण फक्त २० दिवसांचे प्रमाण काढून नॅनीला १२ दिवस देतात आणि बँक हॉलिडे तिच्या कामाच्या दिवशी आला तरच सुट्टी, असे ठरवतात. आता मंगळवार, बुधवार आणि गुरुवारी येणारी नॅनी पाहा. ईस्टरचा, मे महिन्यातले दोन आणि ऑगस्टअखेरचा असे चार बँक हॉलिडे सोमवारीच येतात, गुड फ्रायडे शुक्रवारी येतो, आणि उरतात नाताळचे दोन दिवस व नववर्षदिन. तेही तिच्या वारी आलेच तर तिची रजा जेमतेम १५ दिवसांपर्यंत पोहोचते, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान रजेपेक्षा कमी. म्हणून आधी १६.८ दिवसांची एकच शिल्लक मांडावी आणि जो बँक हॉलिडे तिच्या कामाच्या दिवशी येईल व तिला सुट्टी दिली जाईल, तेवढाच त्यातून वजा करावा.

कामाचे दिवस सारखे नसतील तर दिवसांऐवजी तास मोजावेत. सोमवारी १०, बुधवारी १० आणि गुरुवारी शाळेनंतरचे ६ असे आठवड्याचे २६ तास असतील, तर वर्षाची रजा १४५.६ तास होते. तिने सोमवारी रजा घेतली तर १० तास वजा होतात, गुरुवारी घेतली तर ६. दिवस मोजले असते, तर तिच्या गुरुवारच्या रजेलाही सोमवारइतकीच किंमत लागली असती. दर आठवड्याला तास बदलत असतील, तर मात्र १ एप्रिल २०२४ पासून सुरू झालेल्या रजावर्षांसाठी वेगळी पद्धत आहे: काम केलेल्या तासांच्या १२.०७ टक्के. ठरलेल्या वेळी येणाऱ्या नॅनीला ही टक्केवारी लावू नये.

आपल्यासारख्यांच्या घरात आणखी एक प्रश्न येतो. डिसेंबरमध्ये आपण तीन आठवडे पुण्याला किंवा नागपूरला जातो, तेव्हा नॅनीला काम नसते. त्या काळात तिने रजा घ्यावी असे आपण सांगू शकतो. पण करारात वेगळे काही ठरले नसेल, तर रजेच्या दुप्पट, म्हणजे सहा आठवडे आधी सूचना द्यावी लागते. तशी सूचना दिली नाही, तर रजा न कापता तिला नेहमीचा पगार द्यावा. मात्र तिची बहुतेक रजा आपल्याच प्रवासात संपवणे मला योग्य वाटत नाही, कारण तिलाही आईवडील आहेत, सण आहेत. निम्मी रजा कुटुंबाने ठरवावी आणि निम्मी तिने, ही इथल्या नॅनींच्या करारांत रूढ असलेली वाटणी मला रास्त वाटते.

नोकरी चालू असताना या किमान रजेच्या बदल्यात पैसे देता येत नाहीत. ती नोकरी सोडून जाईल तेव्हा मात्र त्या दिवसापर्यंत साठलेली आणि न वापरलेली रजा मोजून तिचे पैसे शेवटच्या पगारात द्यावे लागतात.