केंदाळ फेब्रुवारीत काढा, मे महिन्यात नको

कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावर बाहेरून आलेले पाहुणे केंदाळाला फुलं आली की हमखास फोटो काढतात, आणि फूल आहेच तसं, फिकट जांभळं, वरच्या पाकळीवर गडद डाग नि त्यात पिवळा ठिपका. पुण्याकडं ह्यालाच जलपर्णी म्हणतात. मूळचं हे दक्षिण अमेरिकेतलं, ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं. शोभेचं म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालात आलं आणि काही वर्षांत तिथले ओढे, तळी, भातखाचरं अशी भरली की होड्या चालेनात, शेवटी १९३६ साली ह्या एका झाडासाठी तिथं वेगळा कायदा करावा लागला.

मला ह्यात सगळ्यात जास्त खटकतं ते काढण्याचं टायमिंग. दरवर्षी तेच. दिवाळीनंतर पाणी थांबतं, काठाला चार रोपं दिसायला लागतात, कुणी लक्ष देत नाही. मार्च-एप्रिलमध्ये डास वाढतात, वास सुटतो, पेपरात फोटो येतो, मग निवेदनं, मग टेंडर, आणि मशीन पाण्यात उतरतं तेव्हा मे उजाडलेला असतो. आता साधा हिशोब करा. उन्हाळ्यात, पाण्यात खाद्य भरपूर असेल तर केंदाळ साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एक गुंठा असेल तर मे महिन्याच्या मध्यापर्यंत ते १२८ गुंठे, म्हणजे तीन एकराच्या वर! जे काम चार माणसं आणि एक काहील (गुळाची मोठी कढई, आमच्याकडं ती होडीसारखी पाण्यात सोडतात) दोन दिवसांत उरकतील त्याला पोकलेन, डंपर आणि लाखांची बिलं लागतात. बरं, मे पर्यंत फुलं येऊन गेलेली असतात, फुलाचा दांडा वाकून बी पाण्यात सोडतो आणि ते बी तळाच्या गाळात वीस-वीस वर्षं टिकतं. म्हणजे उशिरा काढलेलं केंदाळ पुढच्या कित्येक वर्षांची सोय करूनच जातं.

काढलेलं टाकायचं कुठं हाही प्रश्न आहेच. आमचे एक मामा शिरोळ तालुक्यातले, नदीकाठचे, ते एका वाक्यात सांगतात, "आरं, काढत्यात आणि काठावरच टाकत्यात, वळीव झाला की हाय तसं परत पाण्यात." मशीननं तुकडे झाले तरी प्रत्येक कोंबाच्या तुकड्यातून नवीन रोप येऊ शकतं. नदीवर तर अजून सोपं, पाऊस सुरू झाला, बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढले की पंचगंगेतलं सगळं केंदाळ खाली नरसोबाच्या वाडीकडं आणि कृष्णेत. गेलं म्हणून आपण मोकळे. तळ्याला तर तेवढीही वाट नसते. तणनाशक मारायची मागणीही अधूनमधून होते, पण मेलेलं केंदाळ तळाला जाऊन सडतं, पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात, तसं करू नये हे माझं स्पष्ट मत.

डासांचं बोलतात ते खरंच आहे. मॅन्सोनिया जातीच्या डासाची अळी हवेसाठी पाण्याच्या वर येतच नाही, अशा झाडांच्या मुळांना टोचून तिथूनच हवा घेते. त्यामुळं वरून फवारणी करून तिला फारसं काही होत नाही.

पण सगळ्याच्या मुळाशी आहे ते सांडपाणी. केंदाळ नायट्रोजन आणि फॉस्फेटवर जगतं, म्हणजे आपलं संडास-बाथरूमचं पाणी, साबण, शेतातून वाहून आलेलं खत. रंकाळ्यात आजूबाजूच्या वसाहतींचे नाले मिसळत होते तेव्हा अख्खं तळं हिरवंगार होतं, आणि केंदाळ काढल्यावरही पाणी स्वच्छ झालं नाही, शेवाळ आलं, पाणी पोपटी पडलं आणि घाण वास सुटला. खाद्य तसंच राहिलं, खाणारा बदलला. म्हणून आपल्या वॉर्डातल्या माणसाला केंदाळ कधी काढणार एवढंच विचारू नका, कुठला नाला तळ्यात येतोय आणि तो कधी वळवणार ते विचारा, लेखी विचारा.

किडे सोडायचा उपाय पण आहे. नियोकेटिना नावाचे छोटे सोंडकिडे, मूळचे दक्षिण अमेरिकेतलेच, फक्त हेच झाड खाऊन जगणारे. १९८०च्या दशकात बंगळूरला ते आणून तलावांत सोडले आणि काही तलावांत दोन-तीन वर्षांत चांगला फरक पडला. पण धीर लागतो, आणि दरवर्षी मशीन लावून केंदाळासोबत किडेही बाहेर काढले तर त्यांचा जम बसणार कसा? शिवाय जिथं नाला थेट येतो तिथं किड्यांच्या खाण्यापेक्षा झाडाचं वाढणं जास्त होतं.

आता ज्यांना स्वतः काही करायचंय त्यांच्यासाठी. गावतळं असेल तर थंडीतच, रोपं मोजता येतील एवढी असताना, मुळासकट उपटा. पाण्यापासून लांब, चढावर टाका आणि पूर्ण वाळू द्या, ह्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं त्यामुळं ढीग लवकर बसतो. फुलं यायच्या आधीचं असेल तर शेणात मिसळून खत चांगलं होतं. फक्त कारखान्याचं पाणी मिसळतं तिथलं केंदाळ खताला वापरू नका, शिसं आणि कॅडमियमसारखे धातू ते मुळात साठवून ठेवतं आणि खतातून ते भाजीच्या वाफ्यात येतात. आणि नर्सरीत टबात ठेवायला हे रोप मिळालं तर घेऊ नका.