धर म्हटलं, तर काय धरू?

सोमवार, रात्री साडेदहा

दुपारपासून पावसानं धरलंय. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी इशारा पातळीच्या बरंच खाली आहे, तरी गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी कोयनेच्या विसर्गाचे आकडे. गावभागात राहणाऱ्यांची ही आता सवयच झाली आहे.

सातच्या सुमारास पुण्याहून भाचीचा फोन आला. राज्यसेवेचा निकाल लागून चार दिवस झाले. तिसरा प्रयत्न होता तिचा, थोडक्यात गेला. इतके दिवस कुणाशी धड बोलली नव्हती. "आत्या, एक विचारू?" एवढं म्हणाली आणि लगेच, "होल्ड ऑन आत्या, मेसवाल्या काकूंचा कॉल येतोय."

मी ओट्यापाशी फोन कानाला लावून उभी. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, आप्पांनी बाहेरून पाणी मागितलं ते दिलं, तरी पलीकडे काही नाही. मग फोन कटला. थोड्या वेळानं मेसेज आला, 'उद्या बोलते. सगळं सोडून द्यावं म्हणतेय.'

उत्तर लिहायला घेतलं तर बोटं आपसूक इंग्रजीकडे वळली. 'होल्ड ऑन' लिहिलं. पाहत बसले. अर्ध्या तासापूर्वी तिनं हेच दोन शब्द मला उद्देशून वापरले होते, 'जरा थांब' म्हणून. मी ते तिला 'सोडू नकोस' म्हणून पाठवणार होते. मग मराठीत लिहू म्हटलं. 'धर' लिहिलं आणि अडले. काय धर? मराठी वाक्य तिथून पुढं सरकेचना.

मेसेज पाठवला नाही. 'जेवलीस का' एवढंच विचारलं.

मंगळवार

नववीच्या वर्गात आज धडा बाजूला ठेवला. फळ्यावर 'होल्ड ऑन' लिहिलं आणि विचारलं, हे कुठं कुठं ऐकलंय? बँकेला फोन लावल्यावर, एकजण म्हणाला. मोटारसायकलवर मागं बसल्यावर, दुसरी म्हणाली. तिसऱ्यानं हात वर केला, "मॅडम, पिक्चरमध्ये जखमी माणसाला म्हणतात, अँब्युलन्स येतीय म्हणून."

तिघांचंही बरोबर. थांब, घट्ट धर, तग धर. आणखी एक आहे, भांडणातला: "एक मिनिट, असं कसं म्हणता?" तिथंही इंग्रजीत होल्ड ऑनच. त्यात 'टू' जोडलं की जवळची वस्तू हातची जाऊ न देणं. इतके अर्थ दोन छोट्या शब्दांत मावतात ते त्या 'ऑन'मुळं. हा 'वर' या अर्थाचा ऑन नाही. 'गो ऑन', 'कॅरी ऑन', 'रीड ऑन' मधला आहे, हातातलं काम चालू ठेवण्याचा. म्हणजे धरणं चालू ठेव. आपलं 'धरून राहा'.

फोनशी हा शब्द का चिकटला हे मुलांना सांगताना मलाच मजा आली. जुना फोन भिंतीवर असायचा, रिसीव्हर हुकाला टांगला की संभाषण संपलं, म्हणून 'हँग अप'. टांगायचा नसेल तर हातात धरून ठेवायचा. आपल्याकडे फोन टेबलावर आला, म्हणून आपण 'ठेवते आता' म्हणतो. आता ना टांगायचं ना ठेवायचं, तरी शब्द तेच. माझ्या लहानपणी आप्पा मुंबईच्या काकांना ट्रंक कॉल लावायला तासगावला घेऊन जायचे. ऑपरेटर बाईंचा आवाज यायचा, "होल्ड ऑन प्लीज." मी आयुष्यात ऐकलेलं पहिलं इंग्रजी वाक्य हेच असावं. आप्पा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायचे, सुटला तर मुंबई हातची जाईल असा.

'टोटो' या अमेरिकन बँडचं 1978 चं 'होल्ड द लाइन' नावाचं गाणं आहे. फोनवर थांबायलाही तेच शब्द आणि लढाईत आपली फळी मोडू न द्यायलाही तेच.

घट्ट धरण्याचा अर्थ मुलांना समजावून सांगायची गरजच नव्हती. ऑगस्ट 2019 मध्ये ती दुसरी-तिसरीत असतील. धोका पातळी 45 फुटांची, आणि आयर्विनपाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या घरी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून बोटीत उतरावं लागलं. खालून एका जवानानं दोर वर फेकला आणि ओरडला, "पकडके रखो, छोडना मत." भाची सुट्टीला आलेली होती, माझ्या पुढं तीच उतरली. नायलॉनचा निळा दोर, गाळानं बुळबुळीत झालेला. तिनं तो मनगटाला एक वेढा देऊन धरला होता. बोटीत बसल्यावरही सोडेना. जवानानंच हळूच एकेक बोट उकललं. मनगटावर दोराचा पीळ उमटला होता तो दोन दिवस गेला नाही.

आज वर्गात 'घट्ट धरा' म्हणताना तो पीळच डोळ्यांपुढं होता.

बुधवार, उशिरा

आज गाणी ऐकली. या दोन शब्दांच्या नावाची इतकी गाणी आहेत की एका रात्रीत होणार नाहीत. मनात राहिली तेवढी लिहून ठेवते.

सॅम अँड डेव्ह ही गायकांची जोडी, 1966, 'होल्ड ऑन, आयम कमिंग'. लिहिणारे दोघे, आयझॅक हेज आणि डेव्हिड पोर्टर. गाणं जुळेना, पोर्टर मध्येच उठून स्वच्छतागृहात गेला. हेजनं बाहेरून घाईनं हाक मारली, आतून उत्तर आलं, "थांब, आलोच!" त्या उत्तराचंच गाणं झालं. आणि गाण्यात त्याचा अर्थ किती मोठा होऊन बसला: तू बुडत असशील तर धरून राहा, मी निघालोय. काही रेडिओवाल्यांना नावात चावटपणा दिसला म्हणून ते थोडं बदलावंही लागलं होतं.

'थांब' आणि 'धीर धर' यांच्यात इंग्रजीत भिंतच नाही. मला याचं फार अप्रूप वाटलं.

मग विल्सन फिलिप्सचं 1990 चं 'होल्ड ऑन'. तीन मुली, तिघींचेही वडील नावाजलेले गायक. त्यातली चायना फिलिप्स तेव्हा व्यसनातून बाहेर पडायची धडपड करत होती, शब्द तिनं त्या दिवसांत लिहिले. गाणं ऐकणाऱ्याकडं मागतं फक्त आणखी एक दिवस. जन्मभराचं काही मागत नाही. आमची आजी दुखणाईताच्या उशाशी बसून म्हणायची, "आजचा दिस काढ, उद्याचं उद्या." अगदी तेच.

जॉन लेननचं 1970 चं याच नावाचं गाणं जेमतेम दोन मिनिटांचं. त्यात तो स्वतःलाच नावानं हाक मारून धीर देतो. अॅडेलचं 2021 चं. तिच्या गाण्यात मागचा कोरस तिच्या खऱ्या मैत्रिणी-मित्रांनी गायलाय. ती कोसळत असताना ज्यांनी तिला 'धरून राहा' म्हटलं असेल, त्यांचेच आवाज. हे कळल्यावर गाणं पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना तिच्यापेक्षा त्या मागच्या आवाजांकडंच कान लागले.

यातल्या एकाही गाण्याच्या नावात काय धरायचं ते नाही. नुसतं धर. ऐकणाऱ्यानं आपापलं भरावं. म्हणून तर एवढी गाणी त्या एकाच नावात मावली. मराठीत ती सोय नाही. धीर धर, दम धर, तग धर, नाहीतर मग कळ काढ. वाट धरायची, कास धरायची, हट्ट धरायचा, अबोला धरायचा. टाळकरी ताल धरतो, रोप मूळ धरतं. आमच्या जिल्ह्यात आटपाडीकडं डाळिंबाचा बहार धरतात, त्याआधी झाडाचं पाणी तोडून ताण देतात. संत जनाबाईनं तर पंढरीचा चोरच धरला आणि गळ्यात दोर बांधला. आपलं धरणं मोकळ्या हातानं होतच नाही.

सोमवारी मी अडले ती इथं.

गुरुवार

पावसानं सकाळी उघडीप दिली. आप्पा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. औत सोडून वीस-बावीस वर्षं झाली, पण उजव्या तळव्यावर, करंगळीखालच्या उंचवट्यावर, घट्टा अजून आहे. नखानं टकटक केलं तर आवाज येतो. नातवंडं लहानपणी त्याच्यावर पेन्सिलीनं तोंड काढायची.

रात्री शेवटी जे ऐकलं होतं ते त्यांना सांगितलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं एक जुनं भक्तिगीत आहे. कुणी रचलं ठाऊक नाही, आपल्या ओव्यांसारखं तोंडोतोंडी आलेलं. नांगरावरचा हात काढू नको, होल्ड ऑन, असं त्याचं पालुपद. मूळ धागा बायबलमधला. लूकच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, नांगराला हात घालून जो मागं वळून बघतो तो देवाच्या राज्याला लायक नाही. गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सननं ते गायलं. पुढं समान हक्कांच्या चळवळीत त्याचे शब्द थोडे बदलले, नांगराच्या जागी नजर ध्येयावर ठेवा असं आलं. साउथ कॅरोलायनातल्या जॉन्स आयलंडच्या अॅलिस वाइन या बाईंनी 1956 च्या सुमारास तो बदल केला असं सांगतात. 'होल्ड ऑन' मात्र तसंच राहिलं.

आप्पांना बायबलमधलं वाक्य मी अजून सांगितलंच नव्हतं. नुसतं म्हटलं, गाण्यात मागं बघू नको असं आहे. ते लगेच म्हणाले, "मागं बघितलं की तास वाकडं जातंय." तास म्हणजे नांगराची चर.

मी वहीच काढली.

आमच्या भिलवडीकडच्या भागात लोखंडी नांगर म्हणजे किर्लोस्करवाडीचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर वसवलेली ती वाडी. त्यांचा नांगर आधी कुणी घेईना, लोखंडानं जमीन विषारी होते अशी समजूत होती. आप्पांच्या वडिलांनी तसला नांगर आणला तेव्हा चुलत्यांनी अबोला धरला होता म्हणे. आप्पा बाराव्या-तेराव्या वर्षी त्याच्यामागं चालायला लागले.

"पयल्या दिशी मी जीव खाऊन दाबून धरला," ते म्हणाले. "दुपारपतूर हाताची सालटी निघाली. आबा म्हणाले, येड्या, वढायचं काम बैलांचं हाय. तू निस्तं धर आन् चाल."

"आणि सुटला हातातनं तर?"

"सुटतोय की. दगुड लागला की उडतोय हातातनं. मग थांबायचं, बैलास्नी हो म्हणायचं, मागं घ्यायचं, परत धरायचं."

हे बोलताना त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. घट्ट नव्हता. अंगठा वर, चार बोटं खाली, सैलसर. कितीतरी वर्षं मी तो हात बघते आहे, त्याची ती ठेवण रुमण्यावरची, नांगराच्या मुठीवरची आहे हे आज कळलं.

आपण नांगरण्याला 'औत धरणं' म्हणतो हेही तेव्हाच लक्षात आलं. इतकी वर्षं शब्द तोंडात होता.

मग स्वतःलाच विचारलं, पोरीनं काय धरावं असं मला वाटतं? इंग्रजीत 'होल्ड ऑन' लिहून टाकलं असतं तर हे ठरवावंच लागलं नसतं. तिनं परीक्षा धरून ठेवावी? मला खरंच तसं वाटत नाही. तीन वर्षं पुण्यातल्या त्या खोलीत काढली तिनं, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. चौथा प्रयत्न कर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. करू नको म्हणायचा अधिकार मला नाही. पण तिनं जेवण धरावं, झोप धरावी, आम्हाला धरून राहावं, हे मला मनापासून हवंय.

दुपारी मेसेज पाठवला. 'परीक्षेचं तुझं तू ठरव. सोडलीस तरी मी तुझ्याच बाजूला. फक्त आम्हाला सोडू नको. रोज रात्री एक फोन कर, काही बोलली नाहीस तरी चालेल. मी फोन धरून बसेन.'

निळ्या खुणा झाल्या. उत्तर नाही.

शुक्रवार, रात्री

पाणी दोन फुटांनी उतरलं.

पावणेदहाला तिचा फोन आला. मी भाकरी थापत होते, हात पिठाचे, म्हणून आप्पांनी घेतला. स्पीकरवर टाकायला त्यांना जमत नाही, त्यामुळं मला ऐकू येत होतं ते त्यांचंच. "जेवलीस काय?" मग बराच वेळ काही नाही. त्यांनी मोबाइल दोन्ही हातांनी धरला होता, तासगावला रिसीव्हर धरायचे तसाच. ती रडत असावी. आप्पा समजूत काढायला गेले नाहीत. अधूनमधून "हं" म्हणत होते, कीर्तन ऐकताना म्हणतात तसं.

तव्यावरची भाकरी फुगली, मी ती उलटून निखाऱ्यासारख्या लाल जाळीवर टाकली. परत बघते तो आप्पांनी फोन कानापासून लांब धरून स्क्रीनकडं पाहिलं, लाइन चालू आहे का म्हणून. पुन्हा कानाला लावला.

"हैस न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी गॅस बारीक केला. या वेळी पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"हाय, आप्पा."