सोफ्याच्या टोकाला हरवणारे संवाद

घरी होम थिएटर बसवले त्या आठवड्यातच आईने तक्रार केली की, सिनेमातली माणसे तोंडातल्या तोंडात बोलतात. मी सोफ्याच्या मध्यभागी बसत असे आणि मला शब्दन् शब्द ऐकू येई, त्यामुळे दोष तिच्या कानांना देऊन मी मोकळा झालो. पुढे एकदा तिच्या नेहमीच्या टोकाच्या जागेवर बसलो, तेव्हा मात्र ओशाळलो.

५.१ मांडणीत, म्हणजे पाच स्पीकर आणि खोल स्वरांसाठी एक सबवूफर असताना, बहुतेक संवाद एकट्या सेंटर, म्हणजे टीव्हीजवळच्या मधल्या, स्पीकरमधून येतात. आमचा स्पीकर बाजारात सर्रास मिळतो तसा होता : आडवी पेटी, मधोमध ट्विटर (वरचे स्वर वाजवणारा) आणि दोन्ही बाजूंना एकेक वूफर (खालचे आणि मधले स्वर वाजवणारा). हा आकार टीव्हीखाली मावावा म्हणून रूढ झाला आहे; ध्वनीच्या दृष्टीने त्यात एक खोट आहे. आमच्या पेटीतील वूफरच्या केंद्रांमध्ये ३० सेंमी अंतर होते, तर आईची जागा स्पीकरच्या सरळ रेषेपासून सुमारे २० अंश बाजूला होती. तिथे एका वूफरचा ध्वनी दुसऱ्यापेक्षा सुमारे १० सेंमी जास्त अंतर कापून पोहोचतो. १,७०० हर्ट्झच्या आसपास तरंगलांबी २० सेंमी असल्याने हा फरक बरोबर अर्ध्या तरंगाचा ठरतो आणि दोन्ही वूफरचे ध्वनी एकमेकांना खोडून काढतात. शब्दांची स्पष्टता ज्या पट्ट्यावर बरीच अवलंबून असते, नेमका तोच पट्टा असा पोखरला जातो. आवाज वाढवल्याने हा खड्डा भरत नाही, फक्त शेजाऱ्यांची झोप मोडते.

उत्तम उपाय म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरसारखाच तिसरा स्पीकर मध्ये उभा ठेवणे, परंतु आमच्या टीव्हीखाली तेवढी उंची नव्हती. म्हणून मी डाव्या-उजव्या स्पीकरच्याच मालिकेतला थ्री-वे, म्हणजे स्वरांची तीन भागांत वाटणी करणारा, सेंटर घेतला. त्यात ट्विटर आणि मधल्या स्वरांचा छोटा मिडरेंज एकावर एक असतात व बाजूचे वूफर फक्त खालचे स्वर सांभाळतात. मालिका तीच ठेवण्याचे कारण असे की, पडद्यावरची गाडी डावीकडून उजवीकडे जाताना तिच्या आवाजाचा पोत मध्येच बदलू नये.

आमच्या सुताराने टीव्ही युनिटमध्ये सेंटरसाठी हौसेने खोल कप्पा केला होता. त्यात स्पीकर आत सरकवला की पुढच्या फळीवरून ध्वनी परावर्तित होई आणि पुरुषी आवाज पिंपातून आल्यासारखे घुमत. आता स्पीकरचे तोंड फळीच्या कडेशी आहे, मागच्या पोर्टला (हवा जाण्या-येण्याच्या भोकाला) मोकळी जागा आहे, आणि पुढच्या बाजूखाली रबरी तुकडे देऊन ट्विटरचा रोख बसलेल्या माणसाच्या कानाकडे केला आहे. त्यानंतर स्पीकरपासून बसण्याच्या जागेपर्यंतचे टेपने मोजलेले अंतर रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्रात) भरले, कारण एका मीटरच्या चुकीने ध्वनी जवळजवळ ३ मिलिसेकंद मागेपुढे होतो. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचे स्वर सबवूफरकडे जातात तो टप्पा, ८० हर्ट्झवर ठेवला.

आईच्या जागेवर मध्यभागाइतके नेमके ऐकू येत नाही, हे मान्य करतो. मात्र ‘काय म्हणाला तो?’ हा प्रश्न गेल्या महिनाभरात तिने एकदाच विचारला, आणि तेव्हा मिक्सर चालू होता.